एकतीस अडलेल्या गाई

३ मार्च

ताई,

हे पत्र मी संडासात बसून लिहिते आहे. नाक मुरडलंस ना? मुरड. मांडीवर लसीच्या खोक्याचं झाकण घेतलंय, त्यावर कागद ठेवलाय, आणि इथून उठायला मला अजून निदान वीस मिनिटं आहेत. तू चार वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. तेव्हा पत्र कुठे बसून लिहिलं यानं आपल्यात नव्यानं काही बिघडायचं नाही.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. एक बातमी आहे आणि ती तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. चोवीस तारखेला आमच्या दूध संस्थेची सभा आहे. सभेपुढे विषय एकच, तो म्हणजे मी. सचिवांनी मला रीतसर सही-शिक्क्याची नोटीस दिली आहे. गेल्या वर्षभरात मी गोठ्यावर उशिरा पोचल्याच्या, किंवा काम अर्धवट टाकून निघून गेल्याच्या एकतीस तक्रारी आल्या. एकतीसही वेळा मी कारण दिलं की दुसरीकडे गाय अडली होती.

आता आमच्याकडे वासरू झालं की त्याच्या कानात बिल्ला मारायचा असतो, आणि बिल्ले मारायचं काम माझंच. सचिवांनी बिल्ले तपासले. अडलेल्या गाईंची वासरं निघाली नऊ. उरलेल्या बावीस गाई कोणाच्या, कुठे अडल्या आणि त्यांची वासरं आकाशात उडाली की काय, हे मला चाळीस गुरंवाल्यांसमोर सांगायचंय. नाही सांगता आलं तर फेरी काढून घेणार.

फेरी म्हणजे माझं सगळं, ते तुला माहीत आहे. सकाळी स्कूटर काढायची, अकरा वस्त्या फिरायच्या, माजावर आलेल्या गाईंना रेतन करायचं, लसी टोचायच्या, ताप बघायचा, व्यायल्यावर गाईची वार पडली नाही तर कोपरापर्यंत हात घालून काढायची. मी डॉक्टर नाही, दोन वर्षांचा कोर्स केलेली बाई आहे, तरी लोक डॉक्टरीणबाई म्हणतात आणि मी कधी कुणाला अडवलं नाही. ती फेरी गेली तर घर उरतं आणि घरात मी.

तर त्या बावीस गाई म्हणजे मी, ताई. मला आतड्याचा आजार आहे. अकरा वर्षं झाली. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं. बरा होत नाही. काही महिने दडून बसतो आणि आपण जरा मोकळा श्वास घेतला की परत दारात हजर. बऱ्या दिवसांत चार वेळा जावं लागतं, वाईट दिवसांत पंधरा. आणि जायचं म्हणजे त्या क्षणी जायचं. 'एवढं इंजेक्शन देते आणि येते' असली सवलत त्यात नाही.

गंमत बघ. आमच्या इथले लोक सकाळच्या चहाबरोबर शेणाची चर्चा करतात. पातळ आहे, घट्ट आहे, काळं पडलंय, वास कसा येतोय. माझ्या फोनमध्ये शेणाचे दोनशेवर फोटो आहेत, लोकांनी हौसेनं पाठवलेले. एका बाईनं तर मुलाच्या निकालाचा आणि म्हशीच्या शेणाचा फोटो एकदमच पाठवला होता. या लोकांना मी अकरा वर्षं सांगू शकले नाही की मला जुलाब होतात. हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा.

गाय अडली म्हटलं की कोणी काही विचारत नाही. जेवणावरून उठ, भर कार्यक्रमातून उठ, माणसं उलट वाट करून देतात. मी ते वापरलं. भरपूर वापरलं. आता सभेत खरं सांगणार आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतील, म्हणू देत.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

तुझी (कागदोपत्री तरी) धाकटी

९ मार्च

ताई,

भावोजींचा फोन आला होता. तू शेजारच्या खोलीत असणार, कारण ते कुजबुजत होते. म्हणाले, "तिनं पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, संडासात बसून म्हणजे खरंच की काय? मी म्हटलं, मला काय माहीत, तुझी बहीण." मग म्हणाले की तू एक प्रश्न विचारायला सांगितलायस. "अकरा वर्षं म्हणजे मी मुलगा बघून आणला होता तेव्हापासून का?"

हो. तेव्हापासून.

तुझ्या नणंदेच्या ओळखीतला, चष्मेवाला, बोलायला बरा होता. तू त्याला घेऊन आलीस, आईनं पडदे धुतले, आणि मी अर्ध्या तासात मागच्या दारानं गायब. तू संध्याकाळपर्यंत धुमसत होतीस. आई म्हणाली, खालच्या वस्तीवर गाय अडली, तिला जावंच लागलं. ताई, ती पहिली गाय आईनं अडवली. मी घराच्या मागे संडासात कडी लावून बसले होते आणि तुझं सगळं बोलणं भिंतीपलीकडून ऐकत होते. "हिला गुरांचंच वेड, हिच्याशी कोण लग्न करणार," असं तू म्हणालीस. मी आत बसून मान डोलावली.

आईला सुरुवातीपासून माहीत होतं. माझे कपडे तीच धुवायची, तिच्यापासून काय लपणार. तिचं म्हणणं, मोठीला सांगू नकोस, ती चार डॉक्टर घेऊन येईल आणि चाळीस लोकांना सांगेल. आईचंही काही चुकलं नाही. तू आणलेच असतेस.

आता तुला माझा दिवस सांगते. घरातून निघण्याआधी काही खायचं नाही. रिकाम्या पोटी सुटायचं आणि पहिल्या पाच वस्त्या दहाच्या आत उरकायच्या. कुठे संडास आहे, कुठे नुसता आडोसा आहे, कुणाचं कुत्रं बांधलेलं असतं आणि कुणाची सासू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते, हे मला झोपेतसुद्धा पाठ. शाळेचा संडास सुट्टीच्या दिवशी कुलपात. गिरणीवाल्याचा चांगला आहे, पण त्याची बायको बाहेर पंखा घेऊन उभी राहते आणि "बरं वाटतंय ना गं?" असं दर मिनिटाला विचारते. त्यापेक्षा पुलाखालची जागा परवडली. पुलाखाली कुणी चौकशी करत नाही.

स्कूटरला मागे दोन खोकी आहेत. एकात लसी. दुसऱ्यावरही मी 'लस' असंच लिहिलंय, त्यात माझे दोन जोड कपडे, साबण, पाण्याच्या बाटल्या. ते खोकं अकरा वर्षांत कुणी उघडलेलं नाही. लसीला लोक फार भितात.

मधे दोन वर्षं गोळ्या अशा होत्या की तोंड सुजून टमटमीत झालं. सगळे म्हणाले, डॉक्टरीणबाई, तब्येत सुधारली हो. मी म्हटलं, दूध चांगलं आहे तुमच्या गाईंचं. त्याच गोळ्यांनी मला महिनाभर झोप नव्हती आणि दोरीवरच्या चादरीशीसुद्धा भांडावंसं वाटायचं. पुढे वजन उतरलं तेव्हा त्याच लोकांनी विचारलं, कुणाच्या काळजीत आहेस का. आजार आत आणि पंचाईत बाहेर, असा सगळा कारभार.

कीव करू नकोस. मी आजवर एकही लस चुकवलेली नाही. तापात गेले, रक्त जात असताना गेले, एकदा तर एका गोठ्यात काम संपवून त्याच गोठ्याच्या मागे बसले आणि येऊन पुढच्या गाईला हात लावला. तक्रारी एकतीस आहेत, पण वर्षात मी दोन हजारांवर गुरं बघते. हे सभेत सांगणारच आहे.

बाकी तक्रारी किरकोळच आहेत. कुणाची लस अर्धा तास उशिरा, कुणाचं असंच काहीतरी.

धाकटी

१७ मार्च

ताई,

हे शहरातल्या दवाखान्यातून लिहितेय. घाबरू नकोस, दोन दिवस सलाईन आणि सोडतील. सभेच्या तोंडावर आजारानं उचल खाल्ली, त्याला सगळे तिथी-वार कळतात. शेजारच्या खाटेवरची बाई पित्ताशयाची आहे, दिवसभर आपल्या खड्यांचं कौतुक सांगते. खडे डबीत ठेवलेत तिनं. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. मला इतका हेवा वाटला तिचा.

भावोजींनी सांगितलं की तू पत्रं कपाटात ठेवतेस, फाडत नाहीस. बरं.

काल सचिव भेटायला आले. आमचे सचिव म्हणजे शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि 'संडास' हा शब्द तोंडातून काढताना आजूबाजूला बघणारा माणूस. दवाखान्याच्या कागदावर त्यांनी आजाराचं नाव वाचलं असणार. पाच मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसले, मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतंत तर मी काय सांगितलं असतं, माहीत आहे ना?"

"गाय अडली होती," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. सलाईनची सुई हलली.

मग त्यांनी मुद्दा काढला. सभेत काही बोलायची गरज नाही. मी एक अर्ज लिहून द्यायचा, 'प्रकृतीच्या कारणास्तव फेरीचे काम झेपत नाही' एवढाच. नोटीस ते परत घेतील. मला संकलनाच्या खोलीत दुधाचा फॅट तपासायला बसवतील. पंखा आहे, खुर्ची आहे आणि, इथे त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, "मागेच सोय आहे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाले. "चारचौघांत कशाला आपलं उघडं करायचं? बाईमाणूस तुम्ही."

ताई, खोटं कशाला बोलू, मी रात्रभर त्या खुर्चीचा विचार केला. चांगली खुर्ची आहे ती, मी बसून बघितलंय. पंचेचाळीस पावलांवर संडास. मला आणखी काय हवंय? डॉक्टरही म्हणाले, उन्हातान्हात कमी फिरा. तू असतीस तर तूच माझा हात धरून अर्जावर सही करायला लावली असतीस.

सकाळी मी सचिवांना फोन करून नाही म्हणून सांगितलं.

कारण सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं, तक्रारी किरकोळ आहेत. तीस किरकोळ आहेत. एक नाही. आमच्याकडे एक सुतार आहे, दोन गाई पाळून असतो. त्याची गाय खरोखर अडली होती. वासराचा पाय मागे मुडपला होता. त्यानं मला फोन केला आणि मी पुलाखाली होते, उठता येत नव्हतं. मी सांगितलं, वरच्या वस्तीवर गाय अडलीय, ती सोडवून येते. पोचले तेव्हा पाऊण तास झाला होता. गाय वाचली. वासरू गेलेलं होतं. सुतारानं मला हात धुवायला पाणी दिलं. त्याला अजून वाटतं की मी दुसऱ्याची गाय आधी सोडवली आणि त्याची मागे ठेवली. गेल्या महिन्यात त्यानं तक्रारीवर सही केली, ती शेवटची, एकतिसावी.

खुर्चीत जाऊन बसले की त्या माणसाला ते कधीच कळणार नाही. आणि मी रोज त्याच्या गाईचं दूध तपासत बसणार. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

आई गेली त्या दुपारबद्दल तू विचारशील. आज नाही.

धाकटी

२५ मार्च

ताई,

काल सभा झाली. दुधाच्या संकलनाच्याच खोलीत, कॅन एका बाजूला सारून, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. चाळीस माणसं. मी दाराजवळची खुर्ची धरली होती, कारण तुला आता माहीतच आहे.

सचिवांनी नोटीस वाचली. वाचताना त्यांचा आवाज असा, जणू त्यांच्यावरच आरोप आहे. मी उभी राहिले. रात्री भाषण लिहिलं होतं, दोन पानं, त्यात 'सहकार्य' आणि 'दिलगिरी' असले शब्द घातले होते. तो कागद मी खिशातच ठेवला.

"तुम्हाला कळेल असं सांगते," मी म्हटलं. "एक गाय आहे. वय अडतीस."

दोन-चार जण हसले.

"शेण पातळ. बऱ्या दिवसांत चारदा, वाईट दिवसांत पंधरा वेळा. रक्त आणि आव पडते. पोटात कळा."

पुढच्या रांगेत आत्याबाई बसल्या होत्या. सगळ्या गावाच्या आत्या, सत्तरीच्या, नऊ गाई एकटीनं सांभाळतात. त्यांनी सवयीनं विचारलं, "किती दिवस?"

"अकरा वर्षं."

"ताप?"

"अधूनमधून."

"खातेय का?"

"झेपेल ते खाते."

"चारा बदलून बघितला का?" मागून कुणीतरी.

"चारा बदलला, औषध बदललं, डॉक्टर तीन बदलले. मरत नाही आणि बरीही होत नाही."

गिरणीवाला म्हणाला, "असलं जनावर मी विकून टाकलं असतं."

"गिऱ्हाईक मिळालं नाही," मी म्हटलं. मोठ्यानं हसले सगळे, आणि हसता हसता एकेकाच्या लक्षात यायला लागलं. हसणं पुढच्या रांगेतून थांबत थांबत मागे गेलं. मी सरळ सांगितलं, ती मीच. बावीस गाई अडल्या नव्हत्या, मी अडले होते. कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या उसात, कधी पुलाखाली. माझ्या एका खोक्यात लस नाही, कपडे आहेत. बोलताना आवाज एकदम खणखणीत येत होता, माझं मलाच नवल वाटलं.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं ना. इतक्या गाई कशाला अडवत बसलीस?"

"गाईसाठी तुम्ही मला उठून जाऊ देता, आत्याबाई. माणसासाठी उठले तर विचारता, कुठे चाललीस."

आत्याबाईंनी पदर सारखा केला.

आता सगळं चांगलंच झालं असं समजू नकोस. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून बसल्या. एका बाईनं विचारलं, तू आमच्या गाईंना हात लावतेस, ते दूध आम्ही पोरांना देतो, हा रोग लागत नाही ना? मी म्हटलं, लागत नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिला ते पटलेलं नाही आणि ती आता मला गोठ्यात घेईल असं वाटत नाही. तिच्या तीन गाई मी मोजणीतून सोडल्या.

मग सुतार उठला. तो सभेत कधी बोलत नाही.

"माझी गाय अडली तेव्हा तू कुठे होतीस?"

"तुमच्यापासून दोन किलोमीटरवर. पुलाखाली."

"मला म्हणालीस, वरच्या वस्तीवर गाय अडलीय."

"खोटं सांगितलं."

तो पूर्ण माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आज जमत नाही एवढं म्हणाली असतीस तर मी पलीकडच्या संस्थेतल्या माणसाला बोलावलं असतं. मोटारसायकलवर वीस मिनिटांत येतो तो. मी तुझी वाट बघत बसलो, कारण तू येते म्हणालीस. वासरू तुझ्या दुखण्यानं नाही गेलं. तुझ्या खोट्यानं गेलं."

ताई, अकरा वर्षांत मी माझी स्वतःची इतकी वकिली केली होती. आजार आहे, माझा काय दोष, लोकांना कळणार नाही, माझी लाज मी सांभाळते, यात कुणाचं काय जातं. सगळी वकिली त्या एका माणसानं खाली बसवली. मी म्हटलं, "खरं आहे तुमचं."

मी मग माझं मागणं मांडलं. फेरी मी सोडणार नाही. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सकाळीच तसं सांगेन, आणि पलीकडच्या संस्थेचा माणूस येईल. मधेच कधी अडचण आली तर अडचण आली असंच सांगेन. आणि फेरीतल्या प्रत्येक घराचा संडास मला न विचारता वापरता आला पाहिजे. दारात चौकशी नको, बाहेर पंखा घेऊन उभं राहणं नको. गिरणीवाल्यानं बायकोकडे बघितलं, तिनं छताकडे.

हात वर झाले. बाजूनं तेवीस, विरोधात चौदा. सुतारानं दोन्ही वेळा हात वर केला नाही. सभा संपल्यावर आपली खुर्ची उचलून भिंतीशी लावली आणि गेला.

फेरी राहिली, ताई. चौदा लोकांना मी नकोय, ते मला रोज भेटणार आहेत, भेटू देत. आज सकाळी सहाला स्कूटर काढली. चौथ्या वस्तीवर मला जावं लागलं आणि मी गोठ्यातूनच ओरडून सांगितलं, "मावशी, जरा जाऊन येते, गाय धरून ठेवा." अकरा वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. मावशीनं गाय धरली.

धाकटी

२६ मार्च

ताई,

काल पत्र टाकून आले आणि झोप लागेना. सुताराला सांगितलं आणि तुला नाही, याला काही अर्थ नाही.

आई गेली ती दुपार. तू गाडीत होतीस, संध्याकाळी पोचणार होतीस. डॉक्टर सकाळी येऊन गेले होते, म्हणाले आजचा दिवस किंवा उद्याचा. मी सकाळपासून तिच्या उशाशी बसले होते. खोलीत पडदा ओढला होता, तिला उजेड सोसत नव्हता. तिचा हात माझ्या हातात. आणि माझा त्या आठवड्यात पंधरा वेळांचा हिशोब चालू होता. दोनच्या सुमाराला कळ आली. मी दाबून धरलं. दुसरी आली. तिला हातातूनच कळलं असणार, कारण तिनं डोळे उघडले.

मी गेले. परत आले तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती, आणि आई गेलेली होती. पन्नास मिनिटं मी घराच्या मागे भिंतीला डोकं टेकून बसले होते. नळ सोडून ठेवला होता, मी नेहमी सोडते, आवाज जाऊ नये म्हणून. तिनं हाक मारली असेल तर मला ऐकू आलेली नाही. मारली की नाही हे मला कधी कळणार नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि यावर मला कुणाची समजूतही नको.

तू सातला आलीस. दारातच विचारलंस, "तू होतीस ना जवळ?" मी म्हटलं, वरच्या वस्तीवर गाय अडली होती, तेवढ्यापुरती गेले होते. तोंडातून सवयीनं आलं. तू दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीवर जाऊन विचारून आलीस. ती गाय आठवड्यापूर्वीच मोकळी झाली होती. तू म्हणालीस, "तुला आईपेक्षा गाय मोठी, आणि तीही खोटी." बॅग उचललीस. मी तुला थांबवलं नाही. थांबवायचं तर खरं सांगायला लागलं असतं, आणि त्या दिवशी मला तुझ्या नजरेत वाईट मुलगी होणं परवडलं, घाणेरडी होणं परवडलं नाही. ही माझी अक्कल.

पण आल्या संध्याकाळी, त्या दारातच, तू आणखी एक विचारलं होतंस. "शेवटी काही बोलली का?" मी म्हटलं, नाही.

बोलली होती, ताई.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जा की. मी कुठे पळून चाललेय?" मी उठले. दारापर्यंत पोचले होते, तेव्हा पुन्हा बोलली. आवाज बारीक होता पण शब्द न् शब्द स्पष्ट. म्हणाली, "मोठी आली की आधी तिला जेवायला वाढ. मग रडू दे. उपाशीपोटी ती फार भांडते."

एवढंच. 'जा की' सांगायचं तर कुठे ते सांगावं लागलं असतं, म्हणून मी सगळंच गिळलं. तुझ्या नावानं आईनं ठेवलेला निरोप चार वर्षं माझ्याकडे पडून राहिला. आजाराबद्दल मी तुझी माफी मागणार नाही, कधीच नाही. याबद्दल मागते.

तू त्या दिवशी सकाळपासून उपाशी आली होतीस. घरात शिजवलेलं काही नव्हतं. आपण दोघी रात्रभर भांडलो आणि तू तशीच परत गेलीस.

रविवारी माझी फेरी दुपारी बारापर्यंत आटोपते. साडेबाराला मी भात लावणार आहे, दोघींचा. तू ये, आणि आधी जेव. मग काय भांडायचंय ते भांड, मी उठून जाणार नाही. जावंच लागलं तर कुठे चालले ते सांगून जाईन.

धाकटी